सिंधूचा गेलेला आवाज

या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आले ते, खरं सांगायचं तर, करमणूक म्हणून. अंगात येणं, नजर लागणं, चकवा लागणं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. माझ्या वडिलांनी आमच्या शेतातल्या बोअरचं काम मुद्दाम अमावस्येला सुरू केलं होतं, आणि पाणी लागलं होतं. अशा घरात वाढले मी. तेव्हा खालचं वाचून कुणाला हसू आलं तर मला राग येणार नाही. मीही हसलेच असते.

मी केजला राहते. मराठीत एम.ए. केलं, काही वर्षं कॉलेजात तासिकेवर शिकवलं आणि आता घरी बसून पुण्याच्या एका संशोधन गटासाठी काम करते. काम असं — लोक इंटरनेटवर एकमेकांना जी घाण लिहितात ती मोजायची. कुणाबद्दल लिहितात, किती लिहितात, कुठल्या भाषेत लिहितात. संगणकाला आपल्या भागातली मराठी कळत नाही. टोमणा तर अजिबात कळत नाही. म्हणून आमच्यासारखी माणसं लागतात. एक कमेंट तिघांनी वेगवेगळी वाचायची आणि शून्य ते तीन असे गुण द्यायचे. शून्य म्हणजे निरुपद्रवी, तीन म्हणजे अतिशय वाईट. तिघांचं जमलं नाही तर कॉलवर चर्चा.

एक गोष्ट नीट सांगून ठेवते, कारण पुढे लोकांनी माझ्यावरच संशय घेतला. कमेंट कुणी लिहिली हे आम्हाला दिसत नाही. नाव, फोटो, गाव सगळं आधीच काढून टाकलेलं असतं. आमच्यासमोर येतो तो फक्त मजकूर आणि तारीख.

आमच्या घरात तेव्हा पाच माणसं. मी, शाळेत शिकवणारे आमचे हे, धाकटे दीर भास्करभाऊजी, त्यांची बायको सिंधू आणि सासूबाई. सासूबाईंना आम्ही दोघी आत्या म्हणतो. भाऊजींचं बी-बियाणं, खतांचं दुकान आहे. आणि सिंधू लग्नातली निवेदक होती.

आमच्याकडची लग्नं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना सांगते. इथे लग्न म्हणजे हजारोंची गर्दी आणि माईक. कुठला सरपंच आला, कुठले चेअरमन आले, सगळ्यांचं नाव घेऊन स्वागत करायचं, मानपान करायचा, पुढाऱ्यांना आशीर्वादपर बोलायला बोलवायचं. हे काम पुरुषांचं. त्यात सिंधू शिरली ती आवाजाच्या जोरावर. तिचा आवाज कसा होता हे लिहून सांगता येत नाही. भरदार, जरासा खालच्या पट्टीतला, आणि कर्ण्यातून आला तरी कर्कश न होणारा. मंडपाच्या पार मागे पंगतीत वाढणारी माणसंसुद्धा हात थांबवून ऐकायची. चौसाळ्यापासून धारूरपर्यंत लोक तारीख धरायच्या आधी विचारायचे — सिंधूताई मोकळ्या हायत का.

भाऊजींना लोक "सिंधूताईचे मालक" म्हणून ओळखायला लागले. ते हसून घ्यायचे. निदान आम्हाला तसं वाटायचं.

मागच्या एका उन्हाळ्यात लिंबागणेशजवळच्या एका गावात लग्न होतं. मुहूर्त कधीच टळून गेला होता, कारण आमच्या भागातले एक मोठे पुढारी यायचे होते. नाव लिहीत नाही, साहेब म्हणू. साहेबांशिवाय अक्षता टाकायच्या नाहीत असं मुलाच्या वडलांचं म्हणणं. डोक्यावर पत्रा, खाली गर्दी, नवरी सकाळपासून उपाशी. ती पाटावरच कलंडली. मैत्रिणींनी धरलं, पाणी मारलं. तेव्हा सिंधू माईकवरून शांतपणे म्हणाली, "साहेबांचे आशीर्वाद मोठे आहेत, ते मागाहून आले तरी लागतील. लेकरू उपाशी आहे. गुरुजी, मंगलाष्टकं सुरू करा."

मंडपात टाळ्या पडल्या. गुरुजींनी खरंच सुरुवात केली. साहेब आले तेव्हा पंगती बसल्या होत्या.

कुणीतरी एवढाच तुकडा मोबाईलवर घेतला आणि वर "साहेबांचा भर मंडपात अपमान" असं लिहून टाकून दिला. दिवस मावळायच्या आत तो जिल्हाभर झाला. मग सुरू झालं. मी हे काम रोज करते, मला वाटायचं मला सगळं पाठ आहे. पण आपल्या घरच्या माणसाबद्दल वाचणं वेगळं असतं. तिचं चारित्र्य, तिची जात, तिची आई... तिच्या फोटोला दुसऱ्याच बाईचं अंग जोडलेलं. लिहिणारे बहुतेक आपल्याच भागातले, हे भाषेवरूनच कळत होतं.

सिंधू मात्र हलली नव्हती. स्वयंपाकघरात बसून मोठमोठ्यांदा वाचून दाखवायची. "ताई, हे बघा, ह्याला 'निर्लज्ज' लिहिता येईना, मला शिकवाय निघालाय." ठरलेली लग्नं रद्द झाली तरी म्हणायची, "साहेब काय जन्मभर पुरणारेत का."

मग एका बाजाराच्या दिवशी दुपारी ती ओट्यावर भाजी निवडत बसली होती. फोन वाजला म्हणून तिने उचलून पाहिला. काहीतरी वाचलं. फोन पालथा ठेवला आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. आत्यांनी विचारलं, "कुणाचं काय होतं गं?" सिंधूने तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. तिने घसा खाकरला. खाकरल्याचासुद्धा आवाज आला नाही.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. पुण्यालाही नेलं. घशात काही नाही, मेंदूत काही नाही. धक्का बसलाय, येईल हळूहळू. आला नाही. भाऊजी प्रत्येक वेळी सोबत यायचे, गाडी चालवायचे, औषधं आणायचे. लोक म्हणायचे, नवरा असावा तर असा.

काही महिन्यांनी आमच्या प्रकल्पात त्या क्लिपखालच्या कमेंट वाचायला आल्या. मी मॅडमना — म्हणजे आमच्या प्रमुखांना — सांगितलं की ही माझी जाऊ आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही हा भाग सोडा. मी म्हटलं, नको, मला वाचायच्या आहेत. कुणी काय लिहिलं ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. कमेंट पडताक्षणीच आमच्याकडे आपोआप साठवली जाते; त्यानंतर बऱ्याच जणांनी तक्रार होईल या भीतीने आपल्या कमेंट काढून टाकल्या होत्या. आमच्याकडे त्या होत्या.

आणि त्यात एक आली. अशी —

"तीनदा ओटी रिकामी झाली हिची. देवानंच ओळखलं हिला. दुसऱ्याच्या लेकरावर अक्षता टाकायचा हिला काय हक्क."

सिंधूला दोनदा दिवस जाऊन राहिले नव्हते हे सगळ्या भावकीला माहीत होतं. तिसऱ्या वेळचं कुणालाच माहीत नव्हतं. आत्यांनासुद्धा नाही, त्या आशेवर बसतात म्हणून. अंबाजोगाईला दवाखान्यात मी तिच्याबरोबर होते. बाहेर बाकड्यावर भास्करभाऊजी होते. बस.

तारीख पाहिली. बाजाराचा दिवस. तोच.

माझ्याबरोबरच्या दोघांनी त्या कमेंटला शून्य दिलं होतं. मी तीन दिले होते. कॉलवर मॅडम म्हणाल्या, "वैशाली, यात शिवी नाही, धमकी नाही, नाव नाही. तीन कसे देता येतील?"

मी म्हटलं, "मॅडम, हे वाचून एका बाईची वाचा गेली."

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. म्हणाल्या, वादग्रस्त म्हणून बाजूला ठेवू.

त्या दुपारी मी सिंधूजवळ जाऊन बसले. म्हटलं, "ती कमेंट मी वाचली. कुणाची ते तुला ठाऊक आहे ना?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. मी म्हटलं, "आत्ता उठते आणि आत्यांना सांगते." तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. मला तर तिची मुद्रा अशी वाटली की कुणी घाई करतंय, आणि ती म्हणतेय थांब.

मी थांबले. पण तुम्हाला सांगते, त्या माणसाच्या ताटात मी भाकरी वरूनच टाकायचे. तो "वहिनी, ठेचा हाय का" म्हणायचा आणि मला वाटायचं तव्यासकट...

असो.

पुढचा उन्हाळा आला. चौसाळ्याला माझ्या मावसभावाचं लग्न होतं. सिंधूला मी बळेच नेलं. निवेदन करायला साहेबांच्या तरुण कार्यकर्त्यांपैकी एक, रणजित नावाचा, उभा होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. पुढच्या खुर्च्यांवर त्याची आई, दोन बहिणी. त्याने माईक हातात घेतला, फुंकला, आणि म्हणाला, "उपस्थित सर्व मान्यवरांचं..."

आणि त्याच्या तोंडून सिंधूचा आवाज आला.

मी "सारखा आवाज" म्हणत नाही. सिंधूचाच. मंडपातले निम्मे लोक तो आवाज वर्षानुवर्षं ऐकत आले होते. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. आणि त्या आवाजात तो बोलत होता, "ह्या स्टेजवच्या बायकांना..." पुढचं मी इथे लिहीत नाही. आई-बहिणीसमोर उच्चारता येणार नाही असं होतं. सबंध बोलला. मध्ये थांबायला बघत होता, डोळे पांढरे झाले होते, पण जीभ चालूच.

"स्टेजवच्या." "स्टेजवरच्या" नव्हे. ही कमेंट मी वाचली होती. लिहिताना त्यातला र राहून गेला होता. बोलताना कोण असा र गाळेल? तो जसं टाईप केलं होतं तसं बोलत होता.

त्याची आई उठली, पदर तोंडाला लावून चालायला लागली. बहिणी मागे. रणजित माईक टाकून त्यांच्यामागे धावला.

मी सिंधूकडे पाहिलं. ती बायकांत बसून पत्रावळीची काडी दातात धरून समोर बघत होती.

आधी लोक म्हणाले, ध्वनिक्षेपकवाल्याने खोडी केली, रेकॉर्डिंग लावलं. मग दुसरं झालं. एका निवृत्त मुख्याध्यापकांचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, पुढे बायको-सुना. ते उत्तराच्या भाषणाला उभे राहिले आणि सिंधूच्या आवाजात, शुद्ध मराठीत, संस्कृतीवर सुरुवात करून शेवटी अशा ठिकाणी पोचले की त्यांच्या बायकोने मांडीवरचं श्रीफळ खुर्चीवर ठेवलं आणि त्या सभागृहातून निघून गेल्या. मी तिथे नव्हते. पण ज्यांनी सांगितलं त्यांनी वाक्यं सांगितली, आणि ती वाक्यं मी वाचलेली होती.

मग केजच्या एका उद्घाटनात. मग पतसंस्थेच्या सभेत. दर वेळी वेगळा माणूस, दर वेळी ज्याचं त्याचं लिहिलेलं. लोकांनी मोबाईलवर घेतलेलं मी पाहिलं. त्यात माणसाचे ओठ हलताना दिसतात आणि आवाज म्हणून फक्त पंख्याची घरघर येते. मॅडमनी माझ्याकडून दोन-तीन व्हिडिओ मागवून घेतले. म्हणाल्या, वैशाली, यात मोजण्यासारखं काहीच नाहीय.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. रोज सकाळी उठले की वाटायचं, आज कुणाचा नंबर.

परिणाम असा झाला की आमच्या भागात माईकला कुणी हात लावेना. लग्नं मुहूर्तावर लागायला लागली. आशीर्वादपर भाषणं बंद. साहेब एका लग्नाला आले, कुणीतरी सवयीने माईक पुढे केला, तर त्यांनी दोन्ही हात जोडून मागे पाऊल घेतलं. त्यांनी स्वतः काही लिहिलं असेल असं मला वाटत नाही. पण माणसाला आपल्या तोंडाचा भरवसा नसला की असं होतं.

एका सकाळी रणजित आणि त्याच्याबरोबरचे तिघे आमच्या घरी आले. ओट्यावर बसले. आमचे हे शाळेत गेले होते. भाऊजी दुकानाला निघायच्या बेतात होते, ते थांबले.

रणजित म्हणाला, "वहिनी, आमी लिव्हलेलं आमी कवाच काढून टाकलंय. कुटंच न्हाई ते. फकस्त तुमच्याकडं हाय."

मी म्हटलं, "आमच्याकडे मजकूर आहे. नावं नाहीत. कुणी लिहिलं ते आम्हाला कळत नाही."

"मग ह्ये कावून व्हतंय?"

"मला काय माहीत. तू तसं लिहिलं होतंस, हे तर आत्ता तूच सांगितलंस."

तो खाली बघायला लागला. म्हणाला, "आई माझ्याशी बोलंना. बहिणी तोंड बघंनात. लई चूक झाली, वहिनी. तिला सांगा की."

आत सिंधू चहा टाकत होती. तिला ऐकू जात होतं. तिने चहा पाठवला नाही.

तेव्हा दाराला टेकून उभे असलेले भाऊजी बोलले. "वहिनी, तुमच्याकडं समदं असतं का? म्हंजी, कुणी दुसऱ्या नावानं लिव्हलं... आन लगेच काढून टाकलं... ते बी?"

मी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "असतं की, भाऊजी. त्याच्यावर तारीखसुद्धा असते."

त्यांनी किल्ल्या उचलल्या आणि गेले. त्या दिवसापासून ते घरात जेवायला कमी यायला लागले. दुकानदारांच्या संघटनेत त्यांना पद मिळत होतं, ते नाकारलं. कारण पद मिळालं की दोन शब्द बोलावे लागतात.

पण एक गोष्ट त्यांना नाकारता येईना. आमच्या नणंदेच्या, कुसुमवन्सांच्या मुलीचं लग्न. पूजा तिचं नाव, नर्स आहे. मामाने भाचीला मंडपात आणायचं असतं, अंतरपाटाजवळ तिच्या मागे उभं राहायचं असतं. आमच्या यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मान भाऊजींकडे आला. त्यांनी ताप आल्याचं सांगितलं, बाहेरगावी जायचंय म्हटलं. कुसुमवन्सं रडल्या. म्हणाल्या, "माईक ठेवतच न्हाई मी मांडवात. मंग तर झालं?"

खरंच ठेवला नाही. ध्वनिक्षेपक लावलाच नव्हता. गुरुजींनी मंगलाष्टकं तोंडानेच म्हटली, चार बायकांनी साथ दिली. मी आणि सिंधू अगदी पुढे, बायकांच्या बाजूला उभ्या होतो. हातात अक्षता. गर्दीने मागून रेटा येत होता म्हणून मी सिंधूच्या पाठीवर हात ठेवला होता.

शेवटचं मंगलाष्टक संपलं. गुरुजींनी "सावधान" म्हटलं. अंतरपाट खाली जायचा, वाजंत्री वाजायची, त्याच्या आधी जी क्षणभराची शांतता असते, त्या शांततेत भास्करभाऊजींनी तोंड उघडलं.

"तीनदा ओटी रिकामी झाली हिची..."

माईक नव्हता, कर्णे नव्हते. तरी तो आवाज असा आला की पार पंगतीच्या मंडपापर्यंत गेला. आचारी बाहेर आले. सिंधूचा तो भरदार आवाज, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. "देवानंच ओळखलं हिला. दुसऱ्याच्या लेकरावर अक्षता टाकायचा हिला काय हक्क."

आणि आता मी जे लिहिते त्याच्यासाठीच हा सगळा अनुभव लिहायला घेतला. माझा तळहात सिंधूच्या पाठीवर होता. कुणी बोलत असलं की त्याच्या पाठीला हात लावून पाहा, आत बारीक कंप लागतो. तो कंप माझ्या तळहाताला लागत होता. शब्दाशब्दाला. मी मान वळवून तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते. ती सरळ नवऱ्याकडे बघत होती. तो बोलायचा थांबला, आणि कंप थांबला.

अंतरपाट धरणारे तसाच धरून उभे. मग आमच्या आत्या पुढे आल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. मोबाईलवर काय चाललं होतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या मुलाजवळ गेल्या आणि हळूच विचारलं, "भास्कर, तीनदा?"

त्यांनी मान खाली घातली.

"आन ह्ये तू लिव्हलंस? आपल्या बायकूबद्दल?"

त्यांनी तोंड उघडलं. पुन्हा तोच आवाज, पुन्हा तेच, "तीनदा ओटी..." त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं.

पूजा पाठमोरी होती. ती वळली नाही. तशीच म्हणाली, "मामा, माझ्यामागून बाजूला व्हा." ते हलले नाहीत तशी पुन्हा म्हणाली, "बाजूला व्हा. मामी, तुमी या हितं."

सिंधू माझ्या हाताखालून निघून गेली. जाऊन पूजाच्या मागे उभी राहिली. भाऊजी मांडवाच्या कडेने बाहेर पडले, लोक त्यांना वाट देताना अंग चोरत होते. गुरुजींनी सिंधूकडे पाहिलं. तिने मूठ उघडली आणि अक्षता टाकल्या. मग वाजंत्री वाजली.

त्या दिवसापासून भास्करभाऊजींना दुसरं काही बोलता येत नाही. तोंड उघडलं की तेवढीच वाक्यं, सिंधूच्या आवाजात. त्यांनाही अंबाजोगाईला नेलं, पुण्याला नेलं. घशात काही नाही, मेंदूत काही नाही. दुकानात ते हाताने खुणा करतात. दुकानाच्या मागच्या खोलीतच राहतात. आत्या डबा पाठवतात, पण जात नाहीत.

दिवाळीनंतर भावकीतली मोठी माणसं आमच्या घरी बसली. भाऊजींना आणून एका बाजूला बसवलं होतं. चुलतसासरे सिंधूला म्हणाले, "पोरी, झालं ते लई वंगाळ झालं. त्यानं पाय धरलं समज. आता तू एकदा मनापासून माफ केलं म्हण. मानेनं सांग, तरी चालंल. त्याची वाचा तुझ्या हातात हाय."

दुसरे म्हणाले, "बाईमाणसानं थोरपणा दाखवावा. संसार हाय शेवटी."

आत्या कोपऱ्यातून म्हणाल्या, "तिला शिकवू नका. तिचं ती बघंल." पण त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. पोटचा मुलगाच तो.

सगळे सिंधूकडे बघत होते. भाऊजींनी हात जोडले होते. मला खरंच वाटलं, ती मान हलवणार. दीड वर्ष गप्प राहिलेलं माणूस थकतंच.

सिंधूने पदर नीट केला आणि म्हणाली, "न्हाई."

तिच्या स्वतःच्या तोंडून. तिच्या स्वतःच्या आवाजात. जसा होता तसाच, जराही बसलेला नाही, घोगरा नाही.

बैठक मोडली. लोकांना वाटलं, तिचा आवाज परत आला म्हणजे त्याचाही सुटला असेल. भाऊजींनाही वाटलं असावं. जाता जाता उंबऱ्यात त्यांनी आईला हाक मारायला तोंड उघडलं. काय आलं ते लिहायला नको.

सिंधू आता पुन्हा लग्नांत बोलते. दुसरं कुणी माईक घेत नाही, त्यामुळे तिला उसंत नसते. मी एकदा तिला विचारलं, हे तू करत होतीस का. ती म्हणाली, "ताई, मला त्या दिवसात आत नुसतं रिकामं लागायचं. काय कुठं गेलं, मला काय ठाव." तिच्यावर अविश्वास दाखवायचं मला कारण नाही. पण माझा तळहात मला खोटं सांगणार नाही.

मॅडमना मी सगळं कळवलं. त्यांनी सामूहिक भास वगैरेबद्दल बरंच समजावलं. असेलही. पण ज्यांनी त्या कमेंट कधी पाहिल्या नव्हत्या, त्यांना राहून गेलेल्या अक्षरासकट भास कसा होईल?

इथल्या वाचकांमध्ये जाणकार बरेच असतात, प्रतिक्रिया आपुलकीने देतात, हे मी पाहिलं आहे. कुणाला यामागचं काही कळलं तर जरूर लिहा. फक्त भास्करभाऊजींसाठी तोडगा, उतारा, चांगला देवऋषी, चांगला डॉक्टर कृपया सुचवू नका. आम्हाला तो नको आहे.